गेट उघडलं, पुढे?

इलेक्ट्रिकलमधून एमटेक करायचं म्हटलं की सगळी चर्चा गेटच्या स्कोअरपाशी येऊन थांबते. पण पदवी मिळते की अडकते, हे ठरतं दुसऱ्या वर्षात. आणि त्याबद्दल ॲडमिशनच्या वेळी कुणी अवाक्षर काढत नाही.

रात्रीचे पावणेदहा वाजले होते. लॅबचे काका किल्ल्या वाजवत दारात उभे. मी म्हटलं, "काका, पाचच मिनिटं." असं मी साडेआठपासून म्हणत होते. टेबलावर माझा चार्जर. ई-रिक्षाच्या बॅटरीसाठी, दोन महिने खपून जोडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डेझर्टेशनच्या पहिल्या टप्प्याचं प्रेझेंटेशन होतं. सप्लाय हळूहळू वाढवत नेला, ऑसिलोस्कोपवर सुंदर चौकोनी लाटा आल्या, मी मोबाइल काढला फोटोसाठी, आणि फट्! छोटासा आवाज, थोडा धूर आणि तो ओळखीचा जळका वास. काका म्हणाले, "चला, झाली पाच मिनिटं."

हा सहावा मॉसफेट होता. होस्टेलकडे चालताना मला आठवलं, की ॲडमिशन घेताना शेजारच्या काकूंपासून ते क्लासच्या सरांपर्यंत किमान चाळीस जणांनी मला एकच प्रश्न विचारला होता, गेटला किती? तू नक्की कशावर काम करणार, असं एकानेही विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं, ही खरी गोष्ट.

म्हणून हे लिहितेय. थर्ड इयर, फायनल इयरला असाल आणि 'बघू, गेट देऊन ठेवू' असं चाललं असेल, तर आत गेल्यावर काय मागितलं जातं ते आधी माहीत असलेलं बरं.

आत जायचं तिकीट

गेटबद्दल तुम्हाला बरंच माहीत असेल, त्यामुळे पटकन सांगते. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडचे, १३ इंजिनीअरिंग मॅथ्सचे आणि उरलेले ७२ इलेक्ट्रिकलचे. सर्किट्स, मशिन्स, पॉवर सिस्टिम, कंट्रोल, सिग्नल्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, मेजरमेंट, सगळं त्यात आलं. एका गुणाचा पर्यायी प्रश्न चुकला तर एक तृतीयांश गुण कापतात, दोन गुणांचा चुकला तर दोन तृतीयांश. एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असलेल्या आणि आकडा लिहायच्या प्रश्नांना मात्र निगेटिव्ह नाही. स्कोअर तीन वर्षं चालतो आणि थर्ड इयरपासून परीक्षा देता येते. म्हणजे फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या धावपळीत पहिला प्रयत्न करण्याची सक्ती नाही.

जनरल ॲप्टिट्यूड आणि मॅथ्स मिळून २८ गुण होतात. 'तो काय स्कोरिंग भाग आहे, शेवटी बघू' असं म्हणून आमच्या बॅचमधल्या अर्ध्या जणांनी तो शेवटी पाहिला, म्हणजे पाहिलाच नाही. असो.

घोळ होतो तो निकालानंतर. पुष्कळ जणांना वाटतं की जेईईसारखं एकच काउन्सेलिंग असेल, पसंतीक्रम भरला की झालं. तसं नाही. आयआयटीसाठी प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो. 'कोॲप' नावाचं जे सामाईक पोर्टल आहे तिथे फक्त ऑफर दिसतात आणि त्या स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या असतात. एनआयटीसाठी 'सीसीएमटी' हे सामाईक काउन्सेलिंग, त्यात आपलं नागपूरचं व्हीएनआयटी येतं. राज्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांसाठी सीईटी सेलची कॅप. तीन दारं, तीन वेगवेगळी वेळापत्रकं. माझा एक मित्र चांगला स्कोअर घेऊन कोॲपवर नाव नोंदवून निवांत बसला होता. ऑफर येईना म्हणून मे महिन्यात चौकशी केली, तर कळलं की अर्ज करायचाच राहिलाय आणि बहुतेक ठिकाणच्या तारखा गेल्यात. वर्ष गेलं. गेटचा अभ्यास वर्षभर करणाऱ्या माणसाने माहितीपुस्तिका वीस मिनिटं वाचली असती तर!

गेट न देताही राज्यातल्या कॉलेजांत एमटेक करता येतं. आधी गेटवाल्यांना प्राधान्य आणि मग उरलेल्या जागा पदवीच्या गुणांवर. पण मग स्टायपेंड विसरा. एआयसीटीईची पीजी स्कॉलरशिप महिन्याला १२,४०० रुपये आहे, जास्तीत जास्त २४ महिने. ती मिळते गेट पात्र असलेल्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाच. त्या बदल्यात आठवड्याला आठ ते दहा तास डिपार्टमेंटचं काम करायचं. बीटेकच्या पोरांची प्रॅक्टिकल्स घ्या, जर्नल तपासा. पुण्या-मुंबईत १२,४०० मध्ये काय होतं, असं विचाराल तर मेस, खोलीतला तुमचा वाटा आणि कधीतरी एक सिनेमा. बाकी घरून. आणि हे पैसे दर महिन्याला एक तारखेला येतात असं समजून कुणाकडून उसने घेऊ नका. हजेरी, पडताळणी वगैरे होऊन ते येतात तेव्हा येतात. आमच्याकडे एकदा तीन महिन्यांचे एकदम आले, त्या दिवशी अख्ख्या होस्टेलने बिर्याणी खाल्ली.

पहिलं वर्ष पळतं

एआयसीटीईचा एमटेकचा नमुना अभ्यासक्रम ६८ क्रेडिट्सचा आहे. प्रत्येक संस्था त्यात आपापले फेरफार करते, पण ढाचा साधारण तोच. पहिली दोन सेमिस्टर्स १८-१८ क्रेडिट्सची. कोअर विषय, इलेक्टिव्ह, लॅब, मिनी प्रोजेक्ट आणि रिसर्च मेथडॉलॉजी. शिवाय शून्य क्रेडिटचे ऑडिट कोर्स असतात. त्या यादीत डिझास्टर मॅनेजमेंट आहे, भारतीय राज्यघटना आहे, योग आहे आणि तांत्रिक ज्ञानासाठी संस्कृतसुद्धा आहे. पास व्हावं लागतं, गुण मोजत नाहीत. आमच्यात सगळ्यात मन लावून केलेला विषय राज्यघटनेचा होता, का ते विचारू नका.

हे वर्ष बीईसारखंच वाटतं. लेक्चर, असाइनमेंट, इंटर्नल, सबमिशन. फरक इतकाच, की वर्गात अठरा जण असतात आणि मागच्या बाकावर लपता येत नाही. बीईला ज्याने मशिन्स पाठ करून काढलं, त्याला इथे कोऑर्डिनेट ट्रान्सफॉर्मेशन लावून मोटरचं मॉडेल शून्यापासून लिहायला सांगतात. दोन आठवडे रडायला येतं, मग जमतं.

पण हिशेब बघा. त्या ६८ पैकी २६ क्रेडिट्स एकट्या डेझर्टेशनची आहेत. तिसऱ्या सेमिस्टरला १०, चौथ्याला १६. चौथ्या सेमिस्टरला तर दुसरं काहीच नाही. विषय नाही, लेक्चर नाही, टाइमटेबल नाही. सोळा वर्षं शाळा-कॉलेज करून ज्याला टाइमटेबलची सवय लागलीय, त्याच्या हातात अचानक सहा रिकामे महिने येतात. आमच्यातली दोन हुशार मुलं, पहिल्या वर्षी नऊच्या वर पॉइंटर असलेली, इथेच अडकली. विषय तिसऱ्यांदा बदलला, गाईडला भेटायची भीती वाटायला लागली, फोन बंद. परीक्षेत नापास झालेल्याला केटी असते, तारीख असते. डेझर्टेशनमध्ये अडकलेल्याला कुणी नापास करत नाही. तो नुसता राहून जातो.

१९६२ सालचं अमेरिकन ग्रिड आणि आपला फीडर

आता एक गंमत. पॉवर सिस्टिमवाल्यांची डेझर्टेशन्स लायब्ररीत चाळलीत तर 'आयईईई १४-बस सिस्टिम' हे नाव पुन्हा पुन्हा दिसेल. नवीन पद्धत तपासायला सगळे तीच वापरतात. ही १४-बस म्हणजे १९६२ सालच्या फेब्रुवारीतला अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या वीजजाळ्याचा एक तुकडा. तो वापरण्यात चूक काही नाही. जगभरचे संशोधक त्याच आकड्यांवर आपापली पद्धत चालवून बघतात, त्यामुळे तुलना करता येते. पण दोन वर्षं एमटेक करून आपल्याला त्या जुन्या अमेरिकन जाळ्याचे आकडे तोंडपाठ आणि आपल्या गावच्या सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर किती एमव्हीएचा आहे ते माहीत नाही, हे मला तरी खटकतं.

माझा एक वर्गमित्र सोलापूर जिल्ह्यातला. त्याचा विषय ठरत नव्हता. दिवाळीला घरी गेला तेव्हा वडील पंपावरून वैतागून आले होते. मोटर पुन्हा जळलेली. वाइंडिंगचा खर्च, पाण्याची पाळी गेली, वगैरे. याने विचारलं, का जळते? वडील म्हणाले, "इंजिनीअर तू का मी?"

तो सबस्टेशनला गेला. तिथे ऑपरेटर दर तासाला प्रत्येक फीडरचा करंट आणि व्होल्टेज रजिस्टरमध्ये लिहितो. निळ्या शाईत, वर्षानुवर्षं. कॉलेजचं पत्र, वरिष्ठांची परवानगी यात पाच आठवडे गेले. मग त्याने तीन हंगामांची पानं मोबाइलवर फोटो काढून आणली आणि रात्री बसून आकडे एक्सेलमध्ये भरले. आम्ही हसायचो, तलाठी झालास म्हणायचो.

त्या आकड्यांत काय होतं? शेतीपंपांना वीज ठरावीक तासच मिळते. ती रात्री-अपरात्री येते, म्हणून शेतकऱ्यांनी स्टार्टरला 'ऑटो' बसवलेत. वीज आली की मोटर आपोआप चालू. एकट्याच्या सोयीची गोष्ट. पण फीडरवरचे बहुतेक पंप ऑटोवर असले तर वीज येताच सगळ्या मोटरी एकदम उठतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. मग तारेच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज इतकं पडतं, की तिथली मोटर धड फिरत नाही आणि धड थांबतही नाही. नुसती घुरघुरत तापत राहते. याच्या वडिलांचं शेत फीडरच्या शेवटाला.

त्याने फीडरचं मॉडेल केलं आणि एकच प्रश्न विचारला, प्रत्येक ऑटोला थोडा वेगवेगळा उशीर दिला तर? कुणाचा पंप दहा सेकंदांनी, कुणाचा चाळीस सेकंदांनी. उशीर कसा वाटून द्यायचा, किती द्यायचा, कपॅसिटर कुठे बसवला तर किती फरक पडतो. झालं डेझर्टेशन. क्रांतिकारी शोध वगैरे काही नव्हता. पण त्याच्या प्रेझेंटेशनला कमिटीतले सर खुर्चीत पुढे सरकून बसले, हे मी पाहिलंय. आज राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर दिवसा सौरऊर्जेवर चालवायचं काम सुरू आहे. म्हणजे असे प्रश्न प्रत्येक तालुक्यात पडलेले आहेत, उचलणारा हवा.

गाईड, पेपर आणि टक्केवारी

गाईड निवडताना मुलं विचारतात, सर स्ट्रिक्ट आहेत का? मी म्हणेन की त्याऐवजी सरांच्या मागच्या तीन विद्यार्थ्यांनी काय केलं आणि कधी संपवलं ते विचारा. लॅबमध्ये जाऊन बघा. डीएसपी किट, लोड, प्रोब वापरात दिसतात की प्लास्टिकच्या पिशवीत? हार्डवेअर करायचं असेल तर सुटे भाग कुणाच्या पैशाने येणार, हेही आधीच स्पष्ट करून घ्या. विचारायला संकोच वाटतो, पण माझे लॅमिंग्टन रोडवर गेलेले पैसे मोजले तर संकोच स्वस्त पडला नसता एवढं नक्की.

स्पेशलायझेशनचंही तसंच. आयआयटी मुंबईत इलेक्ट्रिकल विभागात कम्युनिकेशन आहे, कंट्रोल आहे, पॉवर आहे, चिपशी संबंधित शाखा आहेत, आणि कुठल्या शाखेला गेटचा कुठला पेपर चालतो ते वेगवेगळं आहे. इलेक्ट्रिकलचा पेपर देऊन नंतर 'मला व्हीएलएसआय करायचं होतं' असं म्हणणारे दर वर्षी भेटतात. तिथे एमटेकचा दोन वर्षांचा टीए आणि तीन वर्षांचा आरए असेही दोन प्रकार आहेत. एक वर्ष जास्त जाणार हे ऑफर स्वीकारताना लक्षात घ्या, सामान लावल्यावर नाही.

बऱ्याच कॉलेजांत सबमिशनआधी एक तरी पेपर छापून यावा किंवा कॉन्फरन्सला वाचावा अशी अट असते. इथे सावध. 'पैसे भरा, तीन दिवसांत प्रसिद्ध करतो' असे मेल तुम्हाला येतीलच. तीन दिवसांत तुमचा पेपर कुणी वाचलेला नसतो. पुढे पीएचडीच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत कुणी ते जर्नल उघडून बघितलं की पंचाईत. आणि चोपड्याचोपडी? यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यावं लागतं. ४० ते ६० असेल तर एक वर्ष बंदी आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सीनियरचा दुसरा चॅप्टर 'फक्त रेफरन्सला' घेणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर चिकटवावेत.

कुणासाठी नाही

सरळ सांगते. एनटीपीसी, पॉवर ग्रिडसारख्या सरकारी कंपन्यांत गेटवरून नोकरी हवी असेल, तर त्यासाठी बीई पुरतं. एमटेक लागत नाही. अनेक जण एमटेकला प्रवेश घेऊन पुन्हा गेट देतात, नोकरी लागली की मधेच सोडतात. घरची परिस्थिती तशी असेल तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण आपण थांबा म्हणून इथे उतरलोय की प्रवासाला निघालोय, हे निदान स्वतःला माहीत असावं. इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र एमटेक हवंच. बीई किंवा एमटेक यापैकी एकीत तरी फर्स्ट क्लास हवा. संशोधन आणि डिझाइनच्या नोकऱ्यांतही मुलाखतीचा बहुतेक वेळ तुमच्या डेझर्टेशनवरच जातो.

माझी मावसबहीण अमेरिकेत जायचं म्हणत होती, तिच्यासाठी थोडं शोधलं. तिकडे बऱ्याच ठिकाणी थिसीस ऐच्छिक असतो. उदाहरणार्थ स्टॅनफर्डला इलेक्ट्रिकलच्या एमएससाठी ४५ युनिट्स आणि किमान ३.० जीपीए लागतो, थिसीस सक्तीचा नाही. जर्मनीत साधारण १२० ईसीटीएस क्रेडिट्स, त्यातले ३० बहुधा थिसीसचे. म्हणजे 'मास्टर्स' हा शब्द एकच, पण कुठे दीड-दोन वर्षं विषयच शिकायचे तर कुठे एक वर्ष एका प्रश्नाशी झुंजायचं. आपल्याला यातलं काय जमतं आणि काय आवडतं, ते आधी बघावं. तिने शेवटी नागपूर घेतलं, तो भाग वेगळा.

माझ्या चार्जरचं सांगायचं राहिलं. सहाव्यानंतर आणखी पाच मॉसफेट गेले. त्यात एकावर एक असे दोन मॉसफेट असतात. एक चालू असताना दुसरा बंद हवा. दोघं क्षणभर जरी एकत्र चालू झाले तरी सप्लायची दोन टोकं थेट एकमेकांना भिडतात आणि मग तो आवाज. सिम्युलेशनमध्ये मात्र माझं सर्किट पहिल्या दिवसापासून अप्रतिम चालत होतं. दोघांमधला वेळ वाढवून पाहिला, तरी जळायचेच. गाईड सरांनी एकच केलं. जळालेले मॉसफेट फेकू दिले नाहीत. म्हणाले, "डबीत ठेव, तारीख लिहून." मला तेव्हा ते शिक्षेसारखं वाटलं.

जूनमध्ये शेवटची व्हायवा झाली. बाहेरचे परीक्षक आले होते, वयस्कर, शांत. ब्याण्णव पानांचा रिपोर्ट त्यांनी बाजूला ठेवला आणि टेबलावरची डबी उघडली.

"किती आहेत?"

"अकरा, सर."

"बारावा का नाही जळाला?"

"वायर, सर. ड्रायव्हरपासून मॉसफेटच्या गेटपर्यंत वीतभर वायर होती. त्यामुळे गेटवर झटके येऊन बंद असलेला मॉसफेट मधेच चालू व्हायचा. सिम्युलेशनमध्ये ती वायर मी काढलीच नव्हती."

"मग?"

"बोर्ड नवा केला. अंतर दोन सेंटिमीटरवर आणलं."

त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "दाखवा चालवून."